बार कोणत्या गालात ठेवता?

दवाखान्यात नवा माणूस खुर्चीत बसला आणि त्याच्या शर्टाच्या खिशात चुन्याच्या डबीचा फुगवटा दिसला की मी हाच प्रश्न विचारते. ‘तंबाखू खाता का?’ असं विचारून उपयोग नसतो. उत्तर येतं ‘नाही’, फार तर ‘कधीतरी’. पण बार कुठे ठेवता म्हटलं की माणूस विचार न करता गालावर बोट ठेवतो. डावीकडे, खाली, दाढांच्या शेजारी. मग मी आरसा घेऊन सरळ तिथेच जाते, आणि जे दिसायचं असतं ते बहुतेक वेळा तिथेच दिसतं.

माझा दातांचा दवाखाना कोपरखैरण्यात आहे. आजूबाजूला माथाडी कामगारांची मोठी वस्ती. सातारा-सांगलीकडची ही कुटुंबं. घाऊक बाजार मुंबईतून वाशीला हलला तशी तीही इकडे आली. कांदा-बटाटा मार्केटात रात्री गाड्या लागतात. पाठीवर गोणी, मग चहा, मग बार, परत गोणी. तंबाखूने झोप उडते आणि भूक मरते, त्यामुळे त्यांच्या लेखी ते कामाचं हत्यारच आहे. म्हणून मी कुणाला रागावत नाही. रागावलं की माणूस पुढच्या वेळी येत नाही, एवढंच होतं.

असेच एक काका आले होते. वय पन्नाशीच्या पुढे. तक्रार दाढेची: “मॅडम, दाढ हलतीया, काढून टाका.” दाढ खरोखरच हलत होती. पण गाल बाजूला ओढला तर गाल आणि हिरडी यांच्यामधल्या खोबणीत अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा चट्टा. गरम दुधावरच्या सायीला सुरकुत्या पडाव्यात तसा. कापसाने पुसला, निघाला नाही. मी काकांच्या हातात आरसा दिला.

“त्ये व्हय? ते हाय की तीन-चार वर्सं,” काका म्हणाले. “दुखत न्हाई काय.”

हे ‘दुखत न्हाई’ मी इतक्यांदा ऐकलंय की आता तेच मला सगळ्यात घाबरवतं.

तळहातावरचं रसायनशास्त्र

तंबाखू मळताना हातावर काय घडतं ते आधी पाहू, कारण पुढची सगळी गोष्ट तिथून सुरू होते.

तंबाखूच्या पानातलं निकोटिन आम्लाशी बांधलेलं असतं. तशा रूपात ते गालाच्या अस्तरातून फारसं आत शिरत नाही. चुना आम्लाच्या बरोबर उलटा, तीव्र अल्कली. चुना लावून अंगठ्याने घोटलं की निकोटिन मोकळं होतं, आणि मोकळं निकोटिन गालाच्या नाजूक अस्तरातून सरळ रक्तात जातं. गिळलं असतं तर यकृताने त्यातलं बरंचसं वाटेतच मोडून काढलं असतं. गालातून जाताना ते यकृताला चुकवून मेंदू गाठतं. काही मिनिटांत तरतरी येते. साधारण दोन तासांत रक्तातलं निकोटिन निम्म्यावर येतं आणि मेंदू पुन्हा मागणी करतो. हात खिशाकडे जातो तो त्या घड्याळावर. आपण त्याला ‘सवय’ म्हणतो, आणि मग माणसाला ती सुटली नाही की त्याच्या मनाच्या दुबळेपणावर बोलतो. आपल्या आजोबा-पणजोबांनी चुन्याची युक्ती शोधली तेव्हा त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, पण परिणाम त्यांनी अचूक ओळखला होता.

आता एक गोष्ट नीट वेगळी करायला हवी. कर्करोगाचा मुख्य आरोपी निकोटिन नव्हे. निकोटिनचं काम माणसाला परत परत पुडीकडे आणायचं. खरं नुकसान करतात ते त्याच्यासोबत येणारे नायट्रोसामाइन. पानं वाळवताना, मुरवताना, साठवताना जीवाणू पानातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, ते निकोटिन आणि त्याच्या भाऊबंदांशी जुळतं आणि ही संयुगं तयार होतात. त्यातली एनएनएन आणि एनएनके ही दोन जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने पहिल्या गटात टाकली आहेत. पहिला गट म्हणजे ‘माणसात कर्करोग घडवतात हे सिद्ध झालेले’ पदार्थ. अॅस्बेस्टॉस त्याच गटात आहे. बिनधुराच्या तंबाखूत कर्करोगकारक म्हणून ओळखली गेलेली २५ हून जास्त रसायनं आहेत.

ही रसायनं पेशीत जाऊन करतात काय? बाजार समितीच्या गाळ्यावर हिशेब लिहिणारा मेहताजी बसतो ना, त्याची कल्पना करा. तोंडाचं अस्तर सतत झडतं आणि साधारण दोन-तीन आठवड्यांत नवं होतं. प्रत्येक नव्या पेशीसाठी जुन्या वहीतला सगळा हिशेब, म्हणजे डीएनए, नव्या वहीत उतरवावा लागतो. नायट्रोसामाइनचे तुकडे त्या वहीतल्या अक्षरांवर शाईच्या डागासारखे चिकटून बसतात. मेहताजी तीनच्या जागी आठ वाचतो. एरवी चूक दिसली की काम थांबवणारा एक तपासनीस पेशीत असतो, पी-५३ नावाचा जनुक. पण वर्षानुवर्षं डाग पडत राहिले तर एक दिवस नेमकं तपासनिसाच्याच पानावर डाग पडतो. तिथून पुढे खोटा हिशेब कुणी अडवत नाही. त्यात चुन्याने अस्तर रोज भाजतं, म्हणजे नव्या पेशी जास्त घाईने बनवाव्या लागतात, म्हणजे वह्या जास्त वेळा उतरवल्या जातात. चुना इथे दुसऱ्यांदा आपलं काम करून जातो.

आणि हे सगळं तोंडभर सारखं होत नाही. जिथे बार, तिथे. म्हणूनच आपल्याकडच्या तोंडाच्या कर्करोगात गाल आणि हिरडीमधली खोबण ही खास जागा आहे.

घट्टा की आणखी काही?

काकांच्या मानेमागे, जिथे गोणी टेकते तिथे, जाड घट्टा होता. मी त्यांना म्हटलं, गालातला हा पांढरा चट्टा सुरुवातीला असाच असतो. सारखं घासलं, भाजलं की कातडी स्वतःला जाड करून घेते. पुसून न निघणाऱ्या आणि दुसरं काही कारण न सापडणाऱ्या अशा पांढऱ्या चट्ट्याला आम्ही ल्युकोप्लाकिया म्हणतो. बहुतेक चट्टे कर्करोगापर्यंत जात नाहीत. पण काही जातात, आणि कोणता जाणार हे नुसत्या डोळ्यांनी मलाही सांगता येत नाही. मखमलीसारखा लाल चट्टा असेल, किंवा पांढऱ्यात लाल ठिपके मिसळलेले असतील, तर मात्र मी वाट बघत नाही. लाल चट्टा पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त धोकादायक.

मग तो दुखत का नाही? कारण बिघाड सुरू होतो सगळ्यात वरच्या थरात. वेदना पोचवणाऱ्या मोठ्या नसा त्याच्या खाली. मेहताजीचे खोटे हिशेब वरच्या मजल्यावर चालू असतात, खालच्यांना पत्ता नसतो. रोग खोल उतरून नस किंवा हाड गाठतो, नाहीतर वर जखम चिघळते, तेव्हा दुखायला लागतं. दात किडला तर रात्री दोन वाजता उठवून बसवतो. कर्करोग मात्र महिनोन्‌महिने शेजाऱ्यासारखा गुपचूप राहतो. दुखणं हीच आजाराची खूण मानायची आपल्याला सवय आहे आणि तोंडाच्या बाबतीत ती सवय माणसं मारते.

काकांना मी सांगितलं, पंधरा दिवस बार बंद, मग परत दाखवा. बाराखालचे बरेचसे चट्टे तंबाखू थांबवली की काही आठवड्यांत विरतात. काकांचाही विरला, पण पूर्ण नाही. खालचा एक कोपरा तसाच राहिला. तिथला छोटा तुकडा तपासायला पाठवायचा म्हटल्यावर काकांचा चेहरा पडला. सुई लावली, चाकू लावला की रोग पसरतो, हे त्यांना गावाकडून फोनवर कुणीतरी ऐकवलं होतं. हे खरं नाही. तुकडा काढल्याने तोंडाचा कर्करोग पसरत नाही. तुकडा न काढता वाट पाहण्यात मात्र तो आपला आपण पसरतो. अहवाल आला: पेशींची ठेवण थोडी बिघडायला लागलेली, कर्करोग नाही. तो कोपरा काढून टाकला. आता काका दर तीन महिन्यांनी येतात, आणि आल्या आल्या स्वतःच गाल ओढून दाखवतात.

दाढेचं काय झालं? ती काढावीच लागली. जिथे बार दाबून ठेवतात तिथे हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात, हाड झिजतं, दात हलतो. तंबाखूतल्या बारीक वाळूने दात घासून बोथट होतात ते वेगळंच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची गंमत आणखी निराळी: निकोटिनने हिरडीच्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे आतून आजार वाढत असला तरी हिरडीतून रक्त येत नाही. माणूस समजतो, आपल्या हिरड्या ठणठणीत. सुटते ती थेट दातांची ओळ. धुराचं बाकीचं पुराण मी इथे लांबवत नाही. फक्त एवढं, की तंबाखूसोबत दारू असेल तर धोक्यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. दारूने अस्तर जास्त पाझरतं होतं आणि तिच्यापासून शरीरात बनणारं अॅसिटाल्डिहाइड डीएनएवर स्वतःचे डाग पाडतं.

वडापाव कुस्करून खाणारा मुलगा

तंबाखूपेक्षाही मला हल्ली जास्त काळजी सुपारीची वाटते, आणि त्याचं कारण म्हणजे वय. ऐरोलीचा एक रिक्षावाला, सव्वीस वर्षांचा, आईला घेऊन आला होता. आईचा दात काढून झाल्यावर जाता जाता म्हणाला, “मॅडम, मला तिखट अजिबात चालत नाही. आणि वडापाव चावून तोडता येत नाही, कुस्करून खातो.” मी म्हटलं, तीन बोटं उभी एकावर एक धरून तोंडात घाल बघू. दीड बोट गेलं.

तीन बोटांची चाचणी कुणालाही घरी करता येते. स्वतःची मधली तीन बोटं, वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांच्या मध्ये उभी. मोठ्या माणसाचं तोंड साधारण ३५ ते ४५ मिलिमीटर उघडतं, म्हणजे त्याची तीन बोटं मावायला हवीत. मावत नसतील तर गालाच्या आत काहीतरी आवळत चाललंय.

सुपारीत अॅरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. गालाच्या अस्तराखाली धागे विणणाऱ्या पेशी असतात. अॅरेकोलिन त्यांना जास्त धागा, म्हणजे कोलॅजन, विणायला लावतं. शिवाय सुपारीत तांबं भरपूर असतं, आणि तांब्याने ते धागे एकमेकांना पक्के जोडणारं विकर, म्हणजे एन्झाइम, जोरात चालतं. धागे वाढतात, घट्ट होतात, आणि जुने मोडून काढायचं काम मागे पडतं. गाल आतून पांढुरका, ताठ होतो. बोट फिरवलं तर कातडीखाली दोऱ्या लागतात. आधी तिखट झोंबतं, मग शिट्टी वाजवता येत नाही, गाल फुगवता येत नाहीत, आणि शेवटी तोंड उघडेनासं होतं. आम्ही त्याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतो. विड्याच्या पानातून सुपारी खाणाऱ्यांना इथवर यायला जितकी वर्षं लागतात त्यापेक्षा गुटख्याने फार लवकर येतं, कारण पुडीत पानाचा ओलावा नसतो, सगळा कोरडा माल थेट गालाला लागतो. म्हणून हा आजार आता पंचविशीत दिसतो.

हा आजार कर्करोगाच्या वाटेवरचा मुक्काम आहे. केरळात अशा रुग्णांवर १७ वर्षं नजर ठेवली तेव्हा शंभरातल्या सात-आठ जणांना पुढे तोंडाचा कर्करोग झाला होता. आणि यात तंबाखू असावीच लागते असं नाही. “मी तंबाखू नाही खात हो, नुसती साधी सुपारी,” असं सांगणारे मला रोज भेटतात. कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला एकटीला, तंबाखूविना, त्याच पहिल्या गटात बसवलंय. शरद पवारांवर २००४ मध्ये तोंडाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली. सुपारीच्या सवयीबद्दल कुणीतरी वेळीच सावध करायला हवं होतं, असं ते नंतर जाहीरपणे बोलले आहेत. आपल्याकडे मात्र जेवणानंतर पाहुण्यांपुढे सुपारीची डबी फिरते आणि सुगंधी सुपारीची रंगीत पुडी लहान पोराच्या हातातही सहज जाते. पोराच्या हातात सिगारेट दिसली तर अख्खी चाळ गोळा होईल.

गुटख्यावर महाराष्ट्रात जुलै २०१२ पासून बंदी आहे. मग टपरीवर दोन पुड्या जोडीने मिळायला लागल्या, एक मसाल्याची, एक तंबाखूची. मिसळायचं काम गिऱ्हाइकाने करायचं. त्या रिक्षावाल्याच्या शाळेची शेवटची वर्षं बंदीच्या काळात गेली आणि दहावीच्या आधीच त्याला ही मिसळण पाठ होती. कायद्याबद्दल मी एवढंच म्हणेन.

मशेरीला कुणी तंबाखू म्हणतच नाही

प्रौढांच्या तंबाखूवापराची देशव्यापी पाहणी २०१६-१७ मध्ये झाली. महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, पण बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के, असं तिच्यात दिसलं. म्हणजे आपला प्रश्न धुराचा कमी आणि गालाचा जास्त. आणि त्यात बायकाही भरपूर आहेत, फक्त त्या मोजणीत स्वतःहून येत नाहीत.

घणसोली गावातल्या एक मावशी कवळी करायला आल्या. तंबाखू? “छे गं बाई.” बिडी? हसल्या. मशेरी? “ती तर दात घासायला लागतेच की.” तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि बोटाने हिरड्यांवर चोळायची. सकाळी एकदा, मग दुपारी, मग मासळी विकून घरी आल्यावर. दात घासायला दिवसातून पाच वेळा कोण बसतं? मावशी म्हणतात मशेरी लावली की दात शिवशिवायचे थांबतात, डोकं हलकं होतं. डोकं हलकं होतं हे खरं. ते निकोटिनची मागणी पुरी झाल्याचं समाधान आहे. दात मात्र आतून सुटत असतात. मावशी कवळी करायलाच आल्या होत्या, यावरून काय ते समजा.

गरोदरपणातही मशेरी सुटत नाही, म्हणून ही गोष्ट सासू-सुनांनी दोघींनीही वाचावी. मुंबईतल्या १२१७ गरोदर स्त्रियांच्या अभ्यासात, जो २००४ मध्ये प्रसिद्ध झाला, बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. त्यातल्या बहुतेक जणी मशेरीच लावणाऱ्या होत्या.

खारघरची चिठ्ठी

कधीकधी मात्र गाल ओढल्यावर दिसतं ते चट्ट्यापलीकडचं असतं. कडा उचललेली, तळ टणक, फुलकोबीसारखी खरबरीत जखम. तेव्हा मी चिठ्ठी लिहिते, परळच्या टाटा कर्करोग हॉस्पिटलची किंवा खारघरला त्यांच्याच अॅक्ट्रेक केंद्राची. २०२२ मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज होता. पुरुषांत तो सगळ्या कर्करोगांत पहिल्या क्रमांकावर आहे. माजी गृहमंत्री आर. आर. आबा पाटील २०१५ मध्ये याच रोगाने गेले.

उपचाराचा कणा शस्त्रक्रिया आहे. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आणि वरवर असेल तर ती काढून माणूस बरा होऊन घरी येतो, खातो, बोलतो. उशीर झाला असेल तर गालाबरोबर जबड्याचं हाड काढावं लागतं, कधी पायाचं बारीक हाड कापून आणून त्याचा नवा जबडा घडवतात. मानेतल्या गाठीही काढतात. “मानेला काहीच नव्हतं, मग मान का कापली?” असं नातेवाईक हमखास विचारतात. याचं उत्तर टाटा हॉस्पिटलनेच दिलेलं आहे. सुरुवातीच्या टप्प्यातल्या, मानेत हाताला गाठ न लागणाऱ्या रुग्णांवर त्यांनी केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मान पहिल्याच शस्त्रक्रियेत साफ केलेल्यांपैकी ८० टक्के तीन वर्षांनी जिवंत होते. गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. आता जगभर हाच आकडा पुढे करतात.

शस्त्रक्रियेनंतर गरज असेल तर किरणोपचार, साधारण सहा आठवडे, आठवड्यातले पाच दिवस. त्याच्या आधी रुग्ण पुन्हा माझ्यासारख्याकडे येतो, कारण किरणांनी लाळ आटते आणि हाडाची भरून येण्याची ताकद कमी होते. म्हणून वाईट दात आधीच काढून घ्यावे लागतात. पैशांसाठी घाबरून घरी बसू नका, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत.

हे सगळं टाळायला लागतं काय? आरसा आणि मोबाइलचा टॉर्च. महिन्यातून एकदा ओठ उलटे करून, दोन्ही गाल ओढून, जीभ बाहेर काढून तिच्या दोन्ही कडा, जीभ वर करून तिच्या खालची जमीन, टाळू, आणि शेवटी मानेवरून हात. जी जखम दोन आठवड्यांत भरली नाही ती दाखवायची. दोन आठवडेच का? अस्तर साधारण तेवढ्याच वेळात नवं व्हायला लागतं, हे वर सांगितलंय. साधं तोंड आलं असेल तर ते तोवर जायलाच हवं. आणि हो, कधी तंबाखूला हात न लावलेल्यांनीही दाखवायचं; टोकदार दात किंवा सैल कवळी एकाच जागी वर्षभर घासत असेल तर तीही घासून गुळगुळीत करून घ्या. नुसत्या बघण्याने काय होतं म्हणाल, तर तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन फक्त तोंडं तपासली. तंबाखू-दारू घेणाऱ्यांमधले या कर्करोगाचे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी झाले. हे २००५ मध्ये छापून आलं. यंत्र नाही, सुई नाही, टॉर्च.

तिसरा दिवस

सोडायचं कसं, यावर सगळ्यात प्रामाणिक प्रश्न मला काकांनी विचारला होता. “मॅडम, बार लावल्याबिगर पोट साफ हुत न्हाई. त्याचं काय?” कुठल्याही पत्रकात हे छापलेलं नसतं, आणि सकाळी सात वाजता माणूस हरतो तो इथे. निकोटिनने आतडं हलतं, हे खरंच आहे. ते बंद केलं की थोडे दिवस आतडं रुसतं. कोमट पाणी, पालेभाजी, गरज पडली तर रात्री इसबगोल. दोन-तीन आठवड्यांत ते स्वतःच्या वेळेवर परत येतं.

पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात वाईट. चिडचिड, झोप नाही, हात रिकामे. त्यानंतर उतार लागतो. तोंडात काही हवं म्हणून सुपारी धरू नका, ही चूक पावलोपावली दिसते. बडीशेप, लवंग, ओवा चालेल. निकोटिनचा च्युइंगम मेडिकलमध्ये मिळतो, २ आणि ४ मिलिग्रॅमचा. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिला बार लागत असेल तर ४ चा. तो बबलगमसारखा चघळत सुटायचा नाही. चव झणझणली की थांबायचं, गालात दाबून ठेवायचं, मग पुन्हा. माथाडी काकांना हे तंत्र शिकवावं लागत नाही. फक्त त्याच्या आधी पंधरा मिनिटं चहा किंवा सरबत नको, आम्लाने निकोटिन पुन्हा बांधलं जातं. चुन्याचा खेळ उलटा. सरकारची मोफत फोनसेवा आहे, १८००-११-२३५६, तिथे समजावणारी माणसं बोलतात. एवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यायच्या गोळ्याही आहेत. पहिल्या खेपेला न सुटणं हा नियम आहे, अपवाद नाही; काकांची तिसरी खेप होती.

रिक्षावाल्या मुलाचं तोंड पूर्वीसारखं होणार नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं. विणलेले धागे बहुतेक उसवत नाहीत. पुडी थांबली तर आवळणं थांबतं, आणि व्यायामाने थोडी जागा परत मिळते. व्यायाम साधा: आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि जमेल तशी एकेक काडी वाढवत न्यायची. तो त्या रबरबँड लावून रिक्षाच्या हँडलशेजारी ठेवतो. सिग्नलला रिक्षा थांबली की तोंडात. शेजारच्या रिक्षातले हसतात म्हणे.

सुरुवातीला अकरा काड्या बसत होत्या. मागच्या सोमवारी चौदा बसल्या. पंधरावी त्याने माझ्यासमोर घालून बघितली, डोळ्यांत पाणी आलं, काढली आणि म्हणाला, “पुढच्या महिन्यात.”